चिंचांमागचं वजन

बंगलोरला शिकायला जायची परवानगी नानांनी एका अटीवर देऊ केली होती. मी काय शिकणार, ते त्यांना पटलं पाहिजे. माझे वडील, म्हणजे नाना, सांगलीत वकिली करत, त्यामुळे पटवणं म्हणजे उलटतपासणीला उभं राहणं.

औंधच्या जत्रेला आलो होतो. डोंगरावर यमाईचं दर्शन झालं आणि कठड्याला टेकून नानांनी विषय काढला.

"हं. विश्व पसरतंय म्हणतेस."

"हो. आपल्या आकाशगंगेसारख्या असंख्य आकाशगंगा एकमेकींपासून लांब चालल्या आहेत. पण कुठे पाचपंचवीस जणींचा घोळका असला, की तो आसपासच्यांना मागे ओढतो. त्या किती मंदावल्या हे मोजलं, की घोळक्याचं वजन कळेल. मग विश्वाचं कोणतं गणित खरं, तेही ताडून पाहता येईल."

"पाहिलंय कुणी?"

"अजून नीट नाही. म्हणून तर शिकायचं."

खाली वडूजच्या रस्त्याला परतीच्या बैलगाड्या लागल्या होत्या. मी त्या दाखवल्या. जत्रेजवळ गाड्या रेंगाळत होत्या, माणसं अजून मागे वळून पाहत होती. पुढे गेल्यावर मात्र बैल चांगले पळत होते.

"जत्रा हा घोळका समजा," मी म्हटलं.

नानांनी डोळ्यांवर हात धरला. "आणि त्या चिंचांपाशी? तिथे गाड्या पुन्हा मंदावतात. जत्रा तर केव्हाच मागे पडली. तुझं गणित चुकलं."

"चिंचांमागे काहीतरी वजनदार असेल."

"मला दिसत नाही."

"मलाही नाही."

"न दिसणारा साक्षीदार." नाना खूश झाले. "अगं, चढ असेल तिथे."

"मग वडूजकडून येणाऱ्यांना तो उतार होईल. त्याही गाड्या मंदावताहेत."

नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "चल, पाहू. काही नसलं तर बंगलोर बंद."

पायऱ्या उतरताना माझ्या मनात आलं, रस्त्याला खड्डे असले, तर दोन्हीकडच्या गाड्या मंदावणारच. ही शंका मी माझ्यापाशीच ठेवली.

आमचा गाडीवान जोतीराम याने गाडी जुंपली. चिंचा जवळ आल्या. रस्ता गुळगुळीत होता आणि झाडांमागून हलगी ऐकू येत होती. जोतीरामने कासरा आखडला.

"काय झालं रे?" नानांनी विचारलं.

"कुस्त्या हायती जनू," तो म्हणाला. त्याची मान केव्हाच तिकडे वळली होती.

चिंचांच्या आड, खोलगट शेतात आखाडा होता आणि भोवती शेकडो पटके.

"जरा बघून येतो," म्हणत नाना उतरले. बराच वेळ झाला तरी परतेनात, तेव्हा मी बोलवायला गेले.

"निघायचं ना, नाना?"

"हो, हो," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवं टोपीवालं, खाली बसा की. का तुमीच उतरताय लढायला?"

नाना धुतलेल्या धोतरानिशी मातीत बसले. मी वाकून विचारलं, "आणि बंगलोर?"

"जा गं," नजर न वळवता ते म्हणाले. "पण ही जोड सुटू दे."

मी गाडीकडे पाहिलं. जोतीरामने बैल सोडून चाकाला बांधले होते.