नूपुर आली नाही

हरिहरने नूपुरला फोनवर एवढंच सांगितलं, "आईचं काही खरं नाही. ये. पण अनुराग म्हणून ये."

अनुरागची नूपुर झाल्यापासून बापलेकीचं बोलणं जवळजवळ तुटलंच होतं. तिची आई शर्मिला मात्र रियाधहून रोज पुण्याला फोन करायची, लेकीच्या साड्यांचे रंग निवडायची. पासपोर्टवर अजून जुनंच नाव होतं, व्हिसाही त्यावरच निघाला. रियाधच्या विमानतळावर कुणाला संशय आला तर, अशी हरिहरला धास्ती होती.

नूपुर आली ती केस बारीक कापून, ढगळ शर्टात. तिला पाहून त्याला क्षणभर बरंच वाटलं, मुलगा परत मिळाल्यासारखं. मग तिचे सुजलेले डोळे दिसले आणि त्याने मान वळवली.

पक्षाघातानंतर हॉस्पिटलात पडलेल्या शर्मिलाला नीट दिसत नव्हतं. तिने चाचपडत नूपुरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आखूड केसांपाशी थबकली.

"अनुराग? नूपुर नाही आली?"

नूपुर तिच्या कानाशी वाकली. "आई, मीच गं. नूपुर."

शर्मिला गोंधळली. तिने नवऱ्याच्या दिशेने तोंड वळवलं. "काय म्हणतोय हा? ती आलीय का हो खरंच?"

सलाइन बदलणारी नर्स मीनाक्षी नाशिकची होती. तिला शब्द न् शब्द कळत होता. नोकरी, इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना, उद्या कंपाउंडमधल्या मराठी घरांत होणारी कुजबुज, सगळं एकदम हरिहरच्या डोळ्यांसमोर आलं.

"नाही," तो म्हणाला. "तिला व्हिसा नाही मिळाला."

शर्मिलाने तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिच्या अंगावरची चादर सारखी करून मीनाक्षी नूपुरजवळ आली. "ताई," ती हळूच म्हणाली, "काल मी खोलीबाहेर जायला हवं होतं."

हरिहरने ते ऐकलं. जिच्या भीतीने तो खोटं बोलला होता, तिनेच नूपुरला ताई म्हटलं होतं.

कागदपत्रं होऊन शर्मिलाला पुण्याला आणेपर्यंत बरेच दिवस गेले. स्मशानात गुरुजींनी मुलाला पुढे बोलावलं. तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर हरिहर मोठ्याने म्हणाला, "मुलगा नाही. मुलगी आहे माझी. नूपुर."

नूपुरने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आता कुणाला सांगताय, बाबा?" एवढंच बोलून ती पुढे झाली.