पाच मुलं, पाच हयात

माझी पणजी हॅना आयुष्यभर असं मानत होती की तिनं आपल्या धाकट्या बहिणीला मारलं. घरात ही गोष्ट फक्त दोघींना माहीत होती. एक स्वतः पणजी आणि दुसरी तिची शेंडेफळ मुलगी अ‍ॅग्नेस. अ‍ॅग्नेस माझ्या आजीची बहीण, पण आमच्याकडे तीन पिढ्या तिला मावशीच म्हणतात. गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी ही गोष्ट कळलेली तिसरी मी ठरले.

मावशी एक्क्याण्णव वर्षांची आहे. अमेरिकेत होल्योकला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मी तिच्याकडे जाते. ती चहा करते, मी सोडा ब्रेड कापते, आणि मी तो जाड कापते म्हणून ती मला बोलते.

"टेस, तुझं ते पाणी तपासायचं काम कसं चाललंय?"

"चाललंय."

"सापडतात का जंतू?"

"सापडले तर वाईट बातमी असते, मावशी."

"मग आता जरा चांगल्या बातमीचं काम कर. एक माणूस शोधून दे."

मग तिनं सांगितलं. १८९८च्या शरद ऋतूत हॅना आठ वर्षांची होती. तिला लाल ताप आला. अंगावर पुरळ, घसा सुजलेला. तिला मागच्या खोलीत एकटी ठेवलं होतं आणि बाकीच्या भावंडांना तिकडे जायची बंदी होती. सगळ्यात धाकटी नेल दोन वर्षांची. एका दुपारी ती दार ढकलून आत आली आणि पलंगावर चढली. हॅनानं तिला पांघरुणात घेतलं, कारण तिला खूप एकटं वाटत होतं. दोघी तशाच झोपून गेल्या. नंतर हॅनाचा ताप चढला आणि कित्येक दिवस तिला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा नेल नव्हती. तिचा पाळणाही नव्हता. तिनं विचारलं तर आई म्हणाली, "नेलचं नाव काढू नकोस." त्यानंतर तिनं ते कधीच काढलं नाही.

"सत्तर साली आई दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती," मावशी म्हणाली. "तेव्हा मला म्हणाली, अ‍ॅगी, मी माझ्या बहिणीला मारलं. मी काय बोलणार? म्हटलं, नाही गं आई. पण मला तरी कुठं माहीत होतं? तेव्हापासून ते माझ्याकडे आहे. मला ते घेऊन मरायचं नाही."

"आणि ती तापानंच गेली असं निघालं तर?"

"तर निदान तिला पुरलंय कुठे ते कळेल. फुलं ठेवीन." तिनं माझ्या ताटलीकडे बघितलं. "हा ब्रेड आहे की दाराखाली ठेवायची पाचर?"

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे, त्यामुळे पहिल्यांदा मृत्यूंच्या नोंदी काढल्या. लाल तापाचा संसर्ग झाला तर दोन ते पाच दिवसांत लक्षणं दिसतात. म्हणजे नेल मेली असेल तर त्या शरद ऋतूत किंवा फार तर हिवाळ्यात. शहराच्या नोंदवहीत त्या काळात लाल तापानं गेलेली एकतीस मुलं होती. मी प्रत्येक नाव वाचलं. हॅनाचं माहेरचं आडनाव लँडर्स. त्या आडनावाचं एकही नव्हतं. चर्चच्या दफनवहीतही नव्हतं. पण नोंद नसणं हा काही पुरावा नव्हे. त्या काळी नोंदी राहूनही जात.

मग मी १९०० सालची खानेसुमारी उघडली. लायमन स्ट्रीट, भाड्याचं घर. मॉरिस लँडर्स, आयर्लंडहून आलेला, कालव्यावर मजूर. बायको ओनोरा, कागदाच्या गिरणीत चिंध्या निवडण्याचं काम. मुलं चार, त्यांत हॅना थोरली, दहा वर्षांची. नेल नाही. हे अपेक्षितच होतं. पण त्या वर्षी कारकुनांनी बायकांना दोन जादा प्रश्न विचारले होते. किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत. ओनोराच्या ओळीत लिहिलं होतं: पाच. पाच.

मी तो आकडा कितीतरी वेळ मोठा करून बघत बसले. कारकुनाचं अक्षर नीट होतं, पाच पाचच होता. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत फिलिसबाईंना दाखवला. त्या तिथं तीस वर्षं आहेत आणि निम्म्या शहराच्या आज्या-पणज्या त्यांना तोंडपाठ आहेत.

"कारकुनाची चूक असेल का?" मी विचारलं. "किंवा मूल गेलंय हे तिला परक्याला सांगायचं नसेल?"

"हे बघ पोरी," फिलिसबाई म्हणाल्या, "आपली आयरिश बाई कारकुनाला वय खोटं सांगेल. नवरा दारूच्या थेंबाला शिवत नाही असंही सांगेल. पण मेलेलं लेकरू जिवंत आहे असं नाही सांगणार. ते पाप आहे, आणि अपशकूनही."

"हा पुरावा होत नाही."

"मग पुरावा शोध. तुला पगार कशाचा देतात?"

१९१० सालच्या खानेसुमारीतही तेच दोन प्रश्न होते. कारकून वेगळा, घर वेगळं, मॉरिस वारलेला. ओनोरा विधवा. पाच. पाच. दोन माणसांनी दहा वर्षांच्या अंतरानं केलेली दोन स्वतंत्र निरीक्षणं जुळत होती. नेल १९१० साली, चौदाव्या वर्षी, जिवंत होती. निदान तिच्या आईला तशी खात्री होती.

मी मावशीला लगेच सांगितलं नाही. कुठं होती ते कळल्याशिवाय सांगणं मला अर्धवट वाटलं.

पुढचे पाच महिने मी चुकीच्या जागी शोधत होते. होल्योकमधली अनाथालयं, नन्सच्या शाळा, शेजाऱ्यांची घरं, लँडर्स आडनावाचे सगळे चुलते. स्प्रिंगफील्ड, चिकोपी, बॉस्टन. दोन हजारांहून जास्त पानं पाहिली. चार नेल लँडर्स सापडल्या आणि चारी दुसऱ्याच निघाल्या. मला पश्चिमेकडे, शिकागोपर्यंत जायचं सुचलं. उलट दिशेला बघायचं सुचलं नाही. आमच्या लोकांचा हा जुना समज आहे. तिकडे आयर्लंडात, केरी परगण्यात, कोणी अमेरिकेला निघालं की आधी त्याच्या घरी मयताला जमतात तसा गाव जमायचा. गाणी व्हायची आणि बायका गळा काढून रडायच्या, कारण गेलेलं माणूस परत येत नसे. आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीत जहाज एकाच दिशेला जातं. मीही तेच गृहीत धरून बसले होते.

शेवटी नोव्हेंबरमध्ये मी हरले. ठरवलं की नाताळला मावशीला निदान वंशवृक्ष काढून द्यावा, त्यात नेलच्या पुढे प्रश्नचिन्ह ठेवावं. ओनोराच्या आईचं नाव हवं होतं म्हणून आयर्लंडची १९०१ची खानेसुमारी उघडली. केरीतल्या डिंगल गावापलीकडची ओनोराच्या माहेरची वाडी, एक खिडकी असलेलं गवती छपराचं घर. घरप्रमुख अ‍ॅबी ब्रॉस्नन, विधवा, वय अडुसष्ट, लिहिता-वाचता येत नाही. तक्ता पोलीस शिपायानं भरलेला आणि खाली म्हातारीची फुली. घरात दोनच माणसं. दुसऱ्या ओळीत नात, नेल लँडर्स, वय चार. भाषा: आयरिश. जन्मस्थळ: अमेरिका.

मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन वाचलं. मग १९११ काढलं. तेच घर, तीच म्हातारी, नात आता चौदा वर्षांची. भाषा: आयरिश आणि इंग्रजी. जन्मस्थळ: अमेरिका.

त्या पोलीस शिपायाचं नाव पानाच्या खाली आहे. मी त्याचा फार विचार करते. त्याच्यासमोर आयरिश बोलणारी चार वर्षांची पोर उभी होती. तो सवयीनं केरी लिहून मोकळा झाला असता. कोण तपासणार होतं? त्यानं विचारलं, आणि उत्तर मिळालं ते लिहिलं. आम्ही प्रयोगशाळेत रोज एवढंच करतो, आणि ते किती मोलाचं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी मी दोन्ही पानांच्या प्रती मावशीसमोर ठेवल्या आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे हिला पाठवून दिलं?"

"हो. बहुतेक ताप घरात शिरला म्हणून. कोणीतरी ओळखीचं जहाजानं निघालं असेल, त्यांच्याबरोबर. हा माझा अंदाज आहे."

"ताप आला होता का तिला?"

"ते यात नाही. पण हा शेवटचा रकाना बघ. मूकबधिर, आंधळं, वेडसर, असं काही असेल तर इथं लिहायचं. लाल तापानं लहान मुलांचे कान जायचे, आणि मग ती बोलायलाही शिकायची नाहीत. रकाना रिकामा आहे. चारला रिकामा, चौदाला रिकामा."

"रिकामा म्हणजे चांगलं?"

"सहसा मी रिकाम्या रकान्यावर विश्वास ठेवत नाही. पण ही दोन भाषा बोलते, मावशी. कान शाबूत होते."

ती बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीवरून बोट फिरवत राहिली. मी म्हटलं, "हॅनाच्या थडग्यावर जायचं का? तिला सांगायला?"

"थडग्यावर कशाला? तिला पन्नास वर्षांपूर्वीच कळलंय. वर गेल्यागेल्या पहिली नेललाच शोधली असेल तिनं, आणि ती सापडली नसेल तेव्हा काय आनंद झाला असेल! मग नेल मागाहून आली असेल." तिनं डोळे पुसले. "अंधारात राहिले होते ती मी एकटी. आता मला पुढचं सांग. लग्न झालं का तिचं?"

ते मला माहीत नव्हतं. मी त्या भागातल्या चर्चच्या कचेरीला ईमेल पाठवला. तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचं उत्तर आलं. नेलचं लग्न १९१९ साली मॅनिंग नावाच्या शेतकऱ्याशी झालं. तिचा नातू डोनल अजून त्याच घराशेजारी राहतो, हा त्याचा नंबर. खाली लिहिलं होतं, "फोन कराल तेव्हा हाताशी वेळ ठेवा. तो बोलका आहे."

आम्ही शनिवारी सकाळी फोन लावला. मी आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला. मी कोण, कुठून, कशासाठी, हे सगळं सांगितलं. मग डोनल म्हणाला, "यँकची माणसं?"

"कोणाची?"

"आमच्या आजीला गावात यँक म्हणायचे, म्हणजे अमेरिकावाली. पोस्टमनसुद्धा. तिला अमेरिकेतलं काडीचंही आठवत नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिला परत बोलवायला तुमच्याकडून पत्र आलं होतं म्हणे, दोन वर्षांनी. पाद्रीबुवांनी वाचून दाखवलं. खापरपणजी म्हणाली, सहाच्या सहा पोरं मला टाकून गेली, ही एक मी ठेवते. ज्याला हवी असेल त्यानं स्वतः यावं न्यायला."

"आणि कोणी आलं नाही," मी म्हटलं.

"कोण येणार? स्वतःच्या आईला काय तोंड दाखवणार होती आजीची आई? नाताळला कपड्यांचं पार्सल मात्र यायचं. एक वर्षी आलं नाही, मग कधीच नाही."

ओनोरा १९१२ साली वारली. हे मला नोंदीतून माहीत होतं. ती गप्प का राहिली, ते आत्ता समजलं. मुलगी दिली याची लाज होती आणि आईला टाकलं याचीही. हॅनाच्या मनात काय बसलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नसावं. आठ वर्षांची पोर परत कधी विचारत नाही, म्हणजे विसरली, असंच आईला वाटलं असणार.

मावशी टेबलावर पुढे झुकली. "डोनल, बाळा, मी अ‍ॅग्नेस. तुझ्या आजीची भाची. मला एकच सांग. ती कशानं गेली?"

"कशानं म्हणजे? सत्त्याऐंशी वर्षांची होती बाई! सकाळी कोंबड्यांना दाणे टाकले, माझ्या आईशी त्यावरून भांडली, खुर्चीत बसली आणि गेली. त्र्याऐंशी सालची गोष्ट."

मावशीनं दोन्ही हात तोंडावर धरले. खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय ते मला क्षणभर कळेना. मग ती म्हणाली, "उपकार झाले रे तुझे."

"माझे कसले? मी काय केलं?"

"तू फोन उचललास."

"उचलणारच की. वाजत होता."

मग डोनलनं कोंबड्यांचं ते भांडण पहिल्यापासून सांगायला घेतलं. नंतर लेकरं, बटाटे, १९४७चं बर्फ, कोणाची गाय कोणाच्या बांधावर. एक तास दहा मिनिटं. मावशीनं त्याला एकदाही मध्येच तोडलं नाही. हे आमच्या घरात अजून कोणाला खरं वाटत नाही.