ताईचं बोट

माझे भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. एखादी वस्तू बिघडली की ती का बिघडली हे त्यांना आधी कळायला हवं, चालू करणं नंतर. त्यामुळे कंपनीच्या तपासणीत त्यांना मधुमेह निघाला तेव्हा ताईचा चेहरा उतरला, आणि भावजी मात्र डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारत सुटले.

“रात्रभर पोटात काही नाही, मग सकाळी साखर येते कुठून?”

“यकृत साठवलेली सोडतं,” बाई म्हणाल्या. “गोळी घ्या, वजन उतरवा, चाला. आणि घरी मोजत जा. थोडं शरीरालाही विचारा.”

हे त्यांनी फारच मनावर घेतलं. दुपारी जेवून खुर्चीत बसले, दोन तासांनी बोट टोचलं, तर दोनशे चौदा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढाच भात, पण नंतर पंधरा मिनिटं जिने चढले-उतरले. एकशे एकसष्ट. खरं वाटेना म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. जवळपास तेवढंच. मग भात निम्मा करून भाजी वाढवली, आकडा आणखी उतरला. चहाबरोबरच्या ज्या बिस्किटांना ते गरीब बिचारी समजत होते, त्यांचे प्रतापही उघडे पडले.

एक अडचण झाली. ज्या इमारतीत काम असेल तिथलाच जिना ते चढायचे. लिफ्टवाला स्वतः जिन्याने जातोय म्हटल्यावर पाचव्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये पाऊल टाकायला तयार होईनात.

“तुम्हाला काहीतरी ठाऊक असणार,” त्या म्हणाल्या.

“आजी, लिफ्ट ठणठणीत आहे. बिघडलोय तो मी.”

शेवटी ते त्यांना लिफ्टने वरपर्यंत सोडून आले आणि परत तळापासून चढायला लागले.

या सगळ्याला ताई कंटाळली होती. जेवताना समोर मशीन, बोलण्यात आकडे. एका रविवारी मी तिथेच होते. जेवून दोन तास झाल्यावर भावजी म्हणाले, “निरोगी माणसाचा आकडा जेवल्यावर किती चढतो, ते बघायचंय. दे ना बोट.”

“माझ्या बोटाला काय सोनं लागलंय?” ती म्हणाली, पण हात पुढे केला. त्यांनी नवी सुई लावली.

एकशे अठ्ठ्याण्णव.

ताईने हात पुसला, पुन्हा धुतला आणि म्हणाली, “परत बघा.” परत तेच. भावजींनी मशीन बाजूला ठेवलं आणि तिचा हात धरून बसले. त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं बाईंकडे गेले. प्रयोगशाळेच्या तपासणीत ताई उंबरठ्यावर निघाली; मधुमेह अजून झाला नव्हता. “वेळेवर आलात,” बाई म्हणाल्या. “गोळी नको. यांच्यासोबत चाला.”

तेव्हापासून जेवण झालं की दोघं बाहेर पडतात. सहा महिन्यांत भावजी नऊ किलोंनी उतरले, गोळी निम्मी झाली. ताईचे आकडे निरोगी माणसासारखे झाले.

परवा तपासणीला मी सोबत होते. भावजी गप्प बसून होते. ताई मात्र खुर्ची पुढे ओढून बाईंना विचारत होती, “झोप नीट झाली नाही तर दुसऱ्या दिवशी आकडा का चढतो? आणि रागावल्यावर?”