रंग उडालेला रोहित

मित्रांनो, मी प्राणिसंग्रहालयातल्या तळ्यावरचा एक जुना रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो आहे. रोहित म्हणजे तांबडा. आज मला पाहिलंत तर हे नाव ठेवणाऱ्यालाच नावं ठेवाल, इतका मी पांढराफटक पडलो आहे.

हा रंग आमच्या अंगात आपोआप तयार होत नाही. शेवाळ आणि इवली इवली कोळंबी खाऊन तो मिळवावा लागतो. गाजराला केशरी करणाऱ्या कॅरोटिनच्याच कुळातला तो. नुसता मिरवायला नसतो. डोळ्यांना लागतो, आजाराशी झगडायलाही लागतो. ऐन उमेदीत माझा गुलाबी रंग पाहायला लोक कुंपणाला चिकटून उभे राहत. त्या कौतुकाने मी जरा शेफारलोही होतो.

यंदा आम्हाला पिल्लू झालं. त्याला अजून शेवाळ गाळून खाता येत नाही, म्हणून मी आणि त्याची आई आळीपाळीने आमच्या गळ्यात तयार होणारं दूध त्याच्या चोचीत सोडतो. हे दूध लालभडक असतं. आमच्या अंगातला रंग त्यातून पिल्लाकडे जातो आणि आम्ही फिके पडतो. त्याचं मला काही वाटलं नाही. काळजी वेगळीच निघाली.

एका सकाळी नव्या राखणदाराने पिल्लाच्या डोक्यावर लाल थेंब पाहिले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बापच पिल्लाला टोचतोय, असं त्याने ठरवून टाकलं. तो जाळी आणि पेटी घेऊन आला. पिल्लाला वेगळं ठेवलं तर हे दूध त्याला कोण पाजणार? मी पंख पसरून आडवा उभा राहिलो, तर त्याचा संशय आणखी पक्का झाला.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या.

"चोरी पकडली ना, म्हणून रंग उडालाय बघा याचा," राखणदार म्हणाला.

बाईंनी ओल्या कापसाने पिल्लाचं डोकं हलकेच पुसलं. खाली साधा ओरखडाही नव्हता.

"रक्त नाही रे, दूध आहे हे," त्या म्हणाल्या. "रंग उडाला नाही याचा. यानं तो पोराला दिलाय."

राखणदार ओशाळला आणि पेटी रिकामीच घेऊन गेला. त्या दिवसापासून तो आम्हाला कोळंबी जरा जास्तच घालतो. तरी जाळी दिसली की अजून मी पिल्लासमोर पंख पसरून उभा राहतो. पिल्लू गुलाबी व्हायला काही वर्षं लागतील, तोवर मी असेन की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी असंच फिकं पडत चाललं असेल. त्यांना बोल लावण्याआधी जवळ जाऊन नीट बघा, आणि आज त्यांच्या ताटात आधी वाढा.