उसने डोळे

असिलकानचा संगणक अकरा वर्षांचा झाला होता आणि नारीन गावच्या बाजारात त्याच्याइतकं आळशी दुसरं काही नव्हतं. फोटो उघडायला सांगितला की तो आधी घरघरायचा, मग विचारात पडायचा, मग वरून खाली एकेक पट्टी दाखवायचा: टोपी, कपाळ, भुवया. तेवढ्यात तिचा चहा पिऊन व्हायचा. गेले आठ महिने ती सगळं खापर त्याच्यावरच फोडत होती. "माझं काय अडलंय? हा मेला उघडतच नाही," असं ती मोमुनकुलला सांगायची.

मोमुनकुल पाथरवट होता. काळ्या दगडावर तो मेलेल्या माणसांचे चेहरे कोरायचा आणि ते चेहरे असिलकान त्याला तयार करून द्यायची. पासपोर्टचा, लग्नातला, मिळेल तो फोटो घ्यायचा, सुरकुत्या पुसायच्या, केस बसवायचे, अंगात कोट चढवायचा. कबरस्तानातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगात एकच कोट होता, तोही एका जिवंत शेतकी अधिकाऱ्याचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी मनावर घेत नसे.

या वेळचा चेहरा तिच्या मुलाचा होता. तिलेक, चोवीस वर्षांचा. रशियात बांधकामावरून पडला. येत्या रविवारी त्याचं वर्षाचं जेवण होतं. जेवणासाठी कापायचा घोडा ठरला होता, नातेवाइकांना निरोप गेले होते आणि दगड अजून कोरा होता. सगळ्या गावाच्या मेलेल्यांना चेहरे देणारीच्या मुलाचा दगड कोरा उभा राहिला असता, तर लोक काय म्हणतील ते एक वेळ सोडा, तिला स्वतःलाच ते सहन झालं नसतं.

गुरुवारी दुपारी मोमुनकुल खिशातून काड्यापेटीएवढी डिस्क काढतच दुकानात शिरला. तिला तो एजे, म्हणजे ताई, म्हणायचा.

"एजे, ही घे. एसएसडी. आता तुझं रडगाणं बंद."

"या डबड्याला त्याचं काय कौतुक? म्हाताऱ्या घोड्यावर नवं खोगीर घातलं म्हणून तो पळणार आहे का?"

"पळणार नाही. तू ब्रश फिरवशील तो रेंगाळतच फिरेल, डोकं जुनं आहे त्याचं. पण फोटो उघडायला नि साठवायला वेळ लागणार नाही. तुझी आतली डिस्क खरडत बसते, तिथंच सगळं अडतं."

त्यानं डिस्क पुढच्या खाचेत लावली. सगळे फोटो उतरवायला सहा तास लागतील, असं पडद्यावर आलं. असिलकानला मनातून बरं वाटलं. मग तो टेबलाखाली शिरला आणि मागून ओरडला, "अगं, इथं निळी खाच आहे. वेगाची. अकरा वर्षं धूळ खात पडलीय."

काम तासाभरात उरकलं. तोवर दोघांनी कणकेचे बोरसोक खाल्ले. गुरुवार म्हणून सकाळीच तिनं ते पितरांसाठी तळले होते आणि तेलाचा वास अजून दुकानात भरून होता.

"उघड आता," मोमुनकुल म्हणाला.

तिनं दगडांच्या कामाचा फोल्डर उघडला. आजवर तिथं नुसते राखाडी चौकोन दिसायचे. चेहरे उमटेपर्यंत थांबायला तिला कधी सवड नव्हती. ती नाव वाचून एकेक फोटो उघडायची, काम झालं की बंद करायची. आता पापणी लवायच्या आत सगळा पडदा चेहऱ्यांनी भरला. ट्रकवाला कासिमाली, शाळेतल्या सआदतबाई, गिरणीवाला म्हातारा. त्यांच्यातले कितीतरी तिच्याकडे एकाच नजरेनं बघत होते.

तिलेकच्या.

असिलकाननं मोजले. नऊ.

सुरुवात कासिमालीपासून झाली होती. त्याच्या एकुलत्या एका फोटोत डोळे मिटलेले आणि दुकानात तिच्यासमोर त्याची बायको रडत बसलेली. तिलेक तेव्हा एकोणीस वर्षांचा, कोपऱ्यात जेवत होता. असिलकाननं त्याला उजेडात बसवलं, डोळ्यांचा फोटो काढला आणि कासिमालीला लावला. मग ती सवयच झाली. ज्याचे डोळे मिटलेले, त्याला तिलेकचे. कोटासारखंच. आईला आपा म्हणणारा तिलेक पहिल्याच दिवशी हसत म्हणाला होता, "आपा, परत देतील ना?"

"कधी बोलला का नाहीस?" तिनं मोमुनकुलला विचारलं. "तू कोरलेस ना हे?"

"एकेक करून कोरले, एजे. दोघांच्या मध्ये महिने जायचे." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "असे एकत्र कधी बघितलेच नाहीत."

तिलेकचा शेवटचा फोटो मित्रानं मोबाइलवर काढलेला. त्यात तो खदखदून हसतोय आणि डोळे गच्च मिटलेत. रोज ती तो उघडायला लावायची आणि पट्टी भुवयांपर्यंत आली की बंद करायची. आज संगणकानं तेवढा वेळ दिला नाही. बोट दाबलं आणि पोरगं समोर.

तिनं त्याचेच डोळे त्याला लावले. ब्रश खरंच रेंगाळत फिरला. काम झाल्यावर ती मागे सरून बघत राहिली. डोळे त्याचेच होते, पण त्याच्या चेहऱ्यावर ते कासिमालीचे दिसत होते, सआदतबाईंचे दिसत होते. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या मुलाची भीती वाटली. तिनं ते काढून टाकले.

"मिटलेलेच कोर," ती म्हणाली.

"मिटल्या डोळ्यांचा दगड मी आजवर कोरला नाही, एजे. लोक विचारतील."

"सांग, उसने दिलेत. अजून परत आले नाहीत."

रविवारी टेकडीवर लोकांनी दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवले आणि ते जेवायला खाली निघाले. तिलेक दगडावर डोळे मिटून हसत होता. असिलकान मागे राहिली. उतरताना वाटेत कासिमालीचा दगड लागला. तिनं रुमालाच्या टोकानं त्याच्या डोळ्यांवरची धूळ पुसली, मग सआदतबाईंच्या, मग गिरणीवाल्याच्या. नववा दगड पुसून होईपर्यंत खाली लोक तिच्यासाठी जेवायचे थांबले होते.