काळा थर

मित्रांनो, मी एक जुनी कयाक आहे, आणि जुनी असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. एकाच माणसाने बसून दोन्ही बाजूंना वल्हं मारायचं, अशी ही निमुळती होडी. काचतंतूंचं कापड साच्यात अंथरून, त्यावर रेझीन, म्हणजे सुकून दगडासारखा होणारा चिकट द्रव, चोपडून मला घडवलं. गिरगावच्या समुद्रात माझ्यात बसायला मुलं भांडत असत. पुढे प्लास्टिकच्या कयाक आल्या. मग मी लालबागच्या एका चाळीत जिन्याखाली पडून राहिले. पोटाला बारीक तडे गेले होते आणि पाठीवर लोकांच्या कुंड्या होत्या.

त्या कुंड्या उतरवल्या त्याच चाळीतल्या पूर्वी नावाच्या मुलीने. तिने मला हितेंद्रच्या गाळ्यात नेलं. हितेंद्र गणपतीच्या सजावटीसाठी फायबरचे देखावे बनवतो.

"ही? अगं, हिची एक्स्पायरी कधीच संपली," तो म्हणाला. "शनिवारी माझा माल येतोय. तोवर झाली तर ठीक, नाहीतर सरळ भंगारात."

"होईल रे," पूर्वी म्हणाली.

तिने माझं पोट आणि पुढचं निमुळतं नाक घासकागदाने घासून खरखरीत केलं आणि तेलकटपणा काढणाऱ्या एसीटोनने पुसलं. पुढच्या सकाळी तिने पोटावर आणि नाकावर कार्बनतंतूंचं काळं कापड पसरलं. रेझीन ब्रशने मुरवलं, रोलरने हवेचा एकेक बुडबुडा काढला. पोलादाला लाजवील असा तो थर! मला वाटलं, आता या समुद्राने यावंच समोर.

दुसऱ्या दिवशी पूर्वीने नाणं घेऊन मला ठोकून पाहिलं. पोटावर टणटण वाजलं. नाकावर मात्र थपथप. नख लावताच तिथला थर पापुद्र्यासारखा सुटून आला.

"बघ! म्हातारीला काही चिकटतच नाही," हितेंद्र हसला. "बोलावू भंगारवाल्याला?"

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. दोष माझ्या वयाचा नव्हता!

पूर्वीने सुटलेला तुकडा उलटा करून उजेडात धरला. आतली बाजू गुळगुळीत होती. कडेला लालसर छटा होती.

"आई, काल सकाळी तू हिच्या नाकाला कुंकू लावलंस ना? नुसतंच?"

"नुसताच कसा लावतलंय?" दाराशी बसलेल्या तिच्या आई, मालनबाई म्हणाल्या. "चिकटत नाय होता. म्हणान आधी बोटभर खोबरेल लावलंय."

पूर्वीने कपाळावर हात मारला. "आणि मी शहाणी! कोरड्या फडक्याने पुसून मोकळी झाले. कुंकू गेलं, तेल राहिलं."

"मग देवाचा नावच घेवचा नाय?"

"घे ना! तेल तेवढं थर सुकल्यावर लाव. मग हवं तर न्हाऊ घाल हिला."

"तसा आधी सांगूचा," असं पुटपुटत मालनबाईंनी पदर खोचला आणि स्वतः घासकागद हातात घेतला. कापडाचा एकच तुकडा उरला होता, जेमतेम नाकापुरता. त्या दोघींनी मला पुन्हा घासलं, एसीटोनने पुन्हा पुन्हा पुसलं. पूर्वीने बोटांनी दाबत दाबत तो तुकडा बसवला. शुक्रवारी संध्याकाळी तिने नाणं वाजवलं. टण्!

रविवारी दादरच्या किनाऱ्यावर हितेंद्रही आला. "बुडालात तर ओढायला कोणीतरी हवं ना," म्हणाला.

पहिलीच लाट सरळ नाकावर आली. पूर्वीने वल्हं टाकलं नाही आणि मी मान वळवली नाही. लाट दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून गेली. मी आतून कोरडी ठणठणीत होते. किनाऱ्यालगत हितेंद्र गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता, "ए पूर्वी, परत ये! मला पण बसायचंय!"

मित्रांनो, जुन्या वस्तूची कीव करू नका. कीव करणारे हळहळतात आणि पुन्हा जिन्याखाली ढकलतात. त्यापेक्षा मोडलं कुठे ते बघा, का मोडलं ते शोधा, मग बाह्या सरसावा. एवढं करूनही जमलं नाही, तर मी स्वतः भंगारात जाईन. पण नुसतं वय बघून मला कुणी टाकून देऊ म्हणेल, तर ते मी ऐकणार नाही. समुद्रानेही अजून मला तसं म्हटलेलं नाही.