शिरपूरच्या हृदयांचं माप

जानरावचं हृदय लहान निघालं आणि घरातली सत्ता पालटली. उन्हाळ्यात वांगी तोडताना त्याला भोवळ आली होती. पोरगा मुन्ना त्याला शहरात घेऊन गेला, तिथं छातीवर मशीन फिरवलं, आणि रिपोर्टात आलं की हृदय पुस्तकातल्या मापापेक्षा लहान. झालं! सोजरबाईनं नवऱ्याला बाजेवर बसवलं. क्रेट उचलायचं नाही, मळ्यात पाणी धरायचं नाही, ठेच्याचं तर नाव काढायचं नाही. जानराव बाजेवरून मळ्याकडं पाहायचा आणि चरफडायचा. बायकोला हुकूम चालवायची भारी हौस आली, असं त्याला वाटायचं.

सोयाबीन निघायच्या दिवसांत शिरपूरच्या शाळेत डॉक्टर सुचिता मशीन घेऊन आल्या. जानरावचा रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "काका, पुस्तकातली मापं बाहेरदेशच्या लोकांची. ते धिप्पाड, आपण काटक. इथल्या निरोगी माणसांची हृदयं मोजली, की आपलं नॉर्मल माप कळेल. मग तुमचं ठरवू."

जानराव हरखला. सारं गाव गोळा केलं पठ्ठ्यानं. पण आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? मी ठणठणीत आहे, असं स्वतःच्या तोंडानं कुणी म्हणत नाही, दृष्ट लागते. डॉक्टरबाई विचारायच्या, "काही त्रास?" की जो तो दुखणं सांगायचा. शेजारचा लखीराम सकाळीच सोयाबीनची पोती खांद्यावर वाहून आला होता. तोही म्हणाला, "छातीत कसंतरीच होते, बाई." त्रासवाला माणूस मोजून उपयोग नाही, म्हणून बाईंनी त्याला बाजूला बसवलं. दुपारपर्यंत निरोगी माणूस औषधालाही सापडेना.

जानरावचा जीव कासावीस झाला. असंच चाललं तर जन्म बाजेवर!

"अबे लखीराम, खोटं काहून बोलून राह्यला?"

"अन् दृष्ट लागली तर काढन कोण? तू?"

तेव्हा मात्र सोजरबाईचा ताबा सुटला. "छातीत होते म्हणे! बाई, हा उभ्या उभ्या दहा भाकरी मोडते. याले काय धाड भरली!"

लखीराम उसळला. "अन् तुमी वो वयनी? मेथीचं गाठोडं डोक्यावर घेऊन बसमागं पयता, तवा गुडघे दुखत नाईत?"

मग काय, सारी शाळा एकमेकांची तब्येत चव्हाट्यावर मांडू लागली. डॉक्टरबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "स्वतःचं कोणी बोलूच नका. शेजाऱ्यानं सांगायचं, बाकी मी तपासते." संध्याकाळपर्यंत मशीनला उसंत मिळाली नाही.

मालेगाव, कारंजाकडचीही माणसं मोजून झाली. संक्रांत सरल्यावर डॉक्टरबाई परत आल्या आणि जानरावला पुन्हा तपासून म्हणाल्या, "काका, इथल्या मापात तुमचं हृदय अगदी बरोबर बसतं. झडपा, ठोके, सगळं छान. उपाशीपोटी उन्हात राबलात, म्हणून भोवळ आली असेल. जा खुशाल मळ्यात."

जानराव उडालाच! "ऐकलं काय वो? आता ठेचा कर!"

सोजरबाई मात्र शाळेच्या पायरीवर मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली.

"अवं, आता कायले रडतं?"

"रोज तुमाले झोप लागली का नाकाजवळ हात धरून पाहत होती मी. सास चालू हाय का नाई म्हून."

हिला हौस आली म्हणत होता तो! मळ्याची घाई विसरून जानराव तिच्याशेजारी टेकला. चारचौघांत तिचा हात धरला आणि आपल्या नाकाजवळ नेला.

"घे, पाह्य. चालू हाय."